गुलाबी झाडाला हिरवी पानं फुटली तेव्हा

फिलोडेंड्रॉन पिंक काँगो या नावाने जे शोभेचं रोप विकतात, त्याची गुलाबी पानं ही झाडाची स्वतःची नसतात. रसायन वापरून त्या पानांत हरितद्रव्य तयार होणं काही काळ रोखलेलं असतं. असर ओसरला की पुढची पानं साधी हिरवी येतात आणि जुनी गुलाबी पानं एकेक करून गळून जातात. मग कुंडीत उरतं ते साधं, हिरवं फिलोडेंड्रॉन. तेही छानच झाड आहे, पण मी पैसे मोजले होते गुलाबी रंगाचे.

विकणाऱ्याने जाहिरातीत 'कायम गुलाबी' असं लिहिलं होतं आणि शेजारी पिंक प्रिन्सेसचं नाव जोडलं होतं. पिंक प्रिन्सेस ही खरी जात आहे. तिची पानं गडद असतात आणि त्यांवर गुलाबी रंग वाटेल तसा सांडलेला असतो. एक पान दुसऱ्यासारखं नसतं. एखाद्या फांदीवर गुलाबी रंग फारच वाढला तर जाणकार ती मागे छाटतात, कारण पूर्ण गुलाबी पान स्वतःपुरतं अन्नसुद्धा बनवू शकत नाही. आता असा विचार करा, शेंड्याची सगळी पानं एकसारखी, डाग नसलेली गुलाबी असतील तर ते रोप जगणार कशावर? दिवाणखान्यातला एखादा कोपरा सजवायचा म्हणून फोटो बघणाऱ्याला हा प्रश्न पडत नाही, आणि फोटो त्याच्यासाठीच काढलेला असतो.

पहिलं हिरवं पान उलगडलं तेव्हा मी विकणाऱ्याला मेसेज केला. उत्तर लगेच आलं, अगदी गोड शब्दांत : उजेड कमी पडतोय. कुंडी खिडकीजवळ नेली. पुढचं पानही हिरवं. मग खत जास्त झालं असेल, मग पाणी बदलून बघा, मग म्हणे नव्या जागेला रुळायला वेळ लागतो. रोपांच्या धंद्यात फसवणाऱ्याला हे बरं असतं. मोबाइल बिघडलेला निघाला तर दुकानदाराला काहीतरी उत्तर द्यावं लागतं. रोप बिघडलं की दोष देखभालीचा, म्हणजे आपला. शिवाय तक्रारीची मुदत मोजून काही दिवसांची, आणि झाड आपल्या गतीने चालतं. खरं काय ते कळेपर्यंत मुदत केव्हाच उलटून गेलेली असते. त्याचं शेवटचं उत्तर तर लाजवाब होतं : 'हमी जिवंत रोप पोहोचवण्याची होती. रोप जिवंत आहे ना? मग तक्रार कसली?'

त्याच पार्सलमध्ये मॉन्स्टेरा अल्बो या शोभेच्या वेलाची कटिंगही होती. पांढऱ्या पट्ट्यांचं एक देखणं पान आणि देठाच्या टोकाशी ओल्या मॉसचा, म्हणजे शेवाळाचा, घट्ट गोळा. सूचना अशी की मॉस उघडू नका, मुळ्या दुखावतील. पान बराच काळ तजेलदार राहिलं, त्यामुळे संशयही आला नाही. शेवटी गोळा सोडवला तर आत देठाचं नुसतं कापलेलं टोक. पेर नाही, डोळा नाही, खोडाचा कपटाही नाही. मॉन्स्टेराचा नवा कोंब खोडाच्या पेरावरच्या डोळ्यातून फुटतो. नुसतं पान कितीही जपलं तरी त्याचं झाड होत नाही. बदामाच्या आकाराचं होया केरीचं एकच पान छोट्या कुंडीत खोचून विकतात, त्याचंही तेच. त्याला मुळ्या फुटतात, ते वर्षानुवर्षं हिरवंगार राहतं, पण सोबत खोडाचा तुकडा नसेल तर पुढे काही होत नाही. शोभेची वस्तू म्हणून घ्यायचं तर जरूर घ्या. 'याचा मोठा वेल होईल' असं कोणी सांगितलं तर मात्र देठाखाली काय आहे ते आधी विचारा.

याच चालीची इतर सोंगंही आहेत. निळं फॅलेनॉप्सिस ऑर्किड : फुलांच्या दांड्यात रंग टोचलेला असतो, पुढचा बहर पांढरा येतो. निवडुंगाच्या डोक्यावरची कागदासारखी कोरडी फुलं अनेकदा गोंदाने चिकटवलेली असतात. अल्बोचं 'बी' तर घेऊच नका. तिचे पांढरे पट्टे बियांतून भरवशाने उतरत नाहीत, आणि मॉन्स्टेराचं बी वाळलं की रुजण्याची ताकद गमावतं, त्यामुळे पाकिटातलं कोरडं बी कशाचंही असू शकतं. निळ्या गुलाबाच्या बियांचीही तीच गत. जपानमध्ये जनुकीय बदल करून 2009 साली विक्रीला आणलेला 'निळा' गुलाबसुद्धा प्रत्यक्षात जांभळट दिसतो; पाकिटावरचा गर्द निळा फक्त छपाईतला.

आता मी पैसे देण्याआधी त्याच रोपाचा, त्या दिवसाची तारीख लिहिलेल्या चिठ्ठीसह व्हिडिओ मागते. त्यात सगळ्यात नवं पान दिसलं पाहिजे, कारण रंगवलेल्या झाडाचं बिंग तिथेच फुटतं. कटिंग असेल तर मॉस बाजूला करून पेर दाखवायला सांगते. खरा बागवाला हे कौतुकाने दाखवतो, उलट कुठून कापायचं, डोळा कोणत्या बाजूला ठेवायचा हेही सांगत बसतो. नकली माणूस 'ताई, स्टॉक संपत आलाय' म्हणतो.

आणि जाहिरातीचा स्क्रीनशॉट. कटिंगच्या जाहिरातीत 'पेरासह' असं स्पष्ट छापलेलं होतं आणि ते माझ्याकडे जपलेलं होतं. उघड्या देठाच्या फोटोसोबत तो पुरावा ज्या ॲपवरून खरेदी केली तिथे लावला, तेव्हा बरीच हुज्जत घालून का होईना, कटिंगचे पैसे परत आले. पिंक काँगोच्या जाहिरातीचा स्क्रीनशॉट मी घेतला नव्हता. मी तक्रार करेपर्यंत तिच्यातलं 'कायम' गायब झालं होतं आणि तिथे 'रंगात फरक पडू शकतो' असं आलं होतं. त्या रोपाचे पैसे मिळाले नाहीत.