न पाहिलेल्या घराचे भाडे: कॅलगरीतील आमची फसवणूक

नोव्हेंबर २०२३ मध्ये कॅनडाच्या कायम वास्तव्याचे कागद हाती आले, तेव्हा आम्ही नाशिकला होतो आणि जानेवारीत निघायचे ठरले होते. माझ्या पतींना कॅलगरीत नोकरी मिळाली होती, एवढाच त्या शहराशी आमचा संबंध. तिथे ओळखीचे असे एकही माणूस नव्हते. मुलगी सहा वर्षांची, मुलगा अडीच वर्षांचा आणि जायचे ऐन हिवाळ्यात, त्यामुळे विमानातून उतरल्यावर मुलांना कुठे न्यायचे हा घोर मला रात्रंदिवस लागला होता. त्या घोरापायी आम्ही स्वतः न पाहिलेल्या घरासाठी एका अनोळखी माणसाला ५,५५० कॅनेडियन डॉलर, म्हणजे त्या वेळच्या दराने सुमारे ३ लाख ४० हजार रुपये पाठवले आणि ते सगळे बुडाले. आमच्यासारखी कुटुंबे आजही तशाच घाईत घर शोधत असतील, म्हणून जे घडले ते काहीही न लपवता लिहीत आहे.

घाईला कारणही तसेच होते. कॅनडाच्या केंद्रीय गृहनिर्माण महामंडळाच्या पाहणीनुसार ऑक्टोबर २०२३ मध्ये कॅलगरीतल्या भाड्याच्या सदनिकांपैकी जेमतेम १.४ टक्के रिकाम्या होत्या. आम्ही ज्या जाहिराती पाहून निरोप धाडायचो, त्यांतल्या बहुतेकांचे उत्तरच येत नसे, आणि आले तर "प्रत्यक्ष येऊन घर पाहा, मग बोलू" एवढेच. तेव्हा ते उत्तर मला तुसडेपणाचे वाटत असे. आता वाटते की त्या सगळ्यांत प्रामाणिक माणसे तीच होती.

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात शहराच्या वायव्य भागातल्या एका दुमजली घराची जाहिरात दिसली. तीन झोपण्याच्या खोल्या, मागे अंगण, शाळा चालत पाच मिनिटांवर आणि भाडे महिना १,८५० डॉलर. त्या भागात तशी घरे आम्हाला २,४०० च्या खाली दिसत नव्हती. फोटो स्वच्छ, भरपूर उजेडाचे होते. त्यांतला स्वयंपाकघराचा फोटो माझ्या मनात इतका भरला की मी तो आईलाही पाठवला: खिडकीखाली लांबलचक ओटा, त्यावर लिंबांनी भरलेला पांढरा वाडगा आणि खिडकीबाहेर हिरवेगार गवत. डिसेंबरच्या कॅलगरीत गवत हिरवे कसे, हा प्रश्न ना मला पडला ना माझ्या पतींना, कारण तिथला डिसेंबर आम्ही कधी पाहिलाच नव्हता.

जाहिरात देणारा माणूस अतिशय सभ्य भाषेत लिहीत असे. त्याने सांगितले की तो अभियंता असून वर्षभराच्या कामासाठी उत्तरेला फोर्ट मॅकमरेच्या तेलक्षेत्रात गेला आहे, त्यामुळे घर दाखवायला येऊ शकत नाही. मात्र दाराला आकडे दाबून उघडायचे कुलूप आहे, तेव्हा किल्लीची अडचण येणार नाही. भाडे कमी का, असे विचारल्यावर म्हणाला की पैशांपेक्षा घर नीट सांभाळणारे कुटुंब त्याला हवे आहे. मुलांची वये विचारली, शाळेचे नाव सांगितले, बर्फाचे बूट इथेच येऊन घ्या, तिथले टिकत नाहीत, असा सल्लाही दिला. घर दाखवण्यासाठी एक मिनिटाची चित्रफीतही पाठवली, मात्र तिच्यात तो स्वतः कुठे दिसला नाही की बोलला नाही. मोबाइलवर समोरासमोर बोलण्याचा आग्रह आम्ही दोनदा धरला आणि दोन्ही वेळा त्याने कामाच्या ठिकाणी नेटवर्क नसल्याचे कारण दिले. आम्ही ते मानले. आमच्या मुलांची इतकी काळजी करणारा माणूस खोटे बोलत असेल, असे मनात आणणेही मला तेव्हा कृतघ्नपणाचे वाटले असते.

मग पैशांचा विषय निघाला. पहिल्या महिन्याचे भाडे, शेवटच्या महिन्याचे भाडे आणि तेवढीच अनामत, असे तीन महिन्यांचे पैसे त्याने मागितले. माझा मावसभाऊ टोरांटोजवळ ब्रॅम्प्टनला राहतो. त्याला विचारले तेव्हा पहिला आणि शेवटचा महिना आधी देण्याची पद्धत इकडे आहेच, असे तो म्हणाला. ते खरेही होते, पण ब्रॅम्प्टन ज्यात आहे त्या ओंटारिओ प्रांतापुरते. कॅलगरी अल्बर्टा प्रांतात आहे आणि भाडेकरूंचा कायदा प्रत्येक प्रांताचा वेगळा असतो, ही एक गोष्ट आम्हाला ठाऊक असती तर आम्ही वाचलो असतो. अल्बर्टात एका महिन्याच्या भाड्याहून जास्त अनामत घेताच येत नाही, घेतलेली अनामत घरमालकाने बँकेच्या कामकाजाच्या दोन दिवसांत वेगळ्या विश्वस्त खात्यात ठेवावी लागते आणि भाडेकरू राहायला येताना दोघांनी मिळून घराची पाहणी करून तिचा लेखी अहवाल करावा लागतो. यातले काहीच आमच्या करारात नव्हते. उलट त्याने पाठवलेला करारनामा ओंटारिओच्या नमुन्यावरचा होता आणि वाद झाल्यास ओंटारिओच्या घरमालक-भाडेकरू मंडळाकडे जावे, असे त्यात छापलेले होते. मी तो करार दोनदा वाचला. दोन्ही वेळा आमची नावे, भाडे आणि तारीख एवढेच तपासले.

नाशिकहून थेट कॅनडातल्या खात्यावर पैसे पाठवायला वेळ लागला असता आणि "दुसरे एक कुटुंब तयार आहे, उद्यापर्यंतच घर राखून ठेवू शकतो" असे त्या माणसाने कळवले, त्यामुळे मावसभावाने आपल्या खात्यातून इंटरॅक ई-ट्रान्सफर, म्हणजे कॅनडातल्या बँकांमधून ईमेलद्वारे पैसे पाठवण्याच्या सोयीने, पैसे पाठवले. त्याच्या खात्याची मर्यादा दिवसाला ३,००० डॉलर होती, म्हणून १८ डिसेंबरला ३,००० आणि १९ ला उरलेले २,५५० गेले. समोरच्याचे खाते पैसे आपोआप जमा करून घेणारे होते, त्यामुळे परवलीचा प्रश्न विचारला गेला नाही आणि मधल्या मध्ये रद्द करण्याची संधीही राहिली नाही. पैसे ज्या नावाने जमा झाले ते करारावरच्या नावापेक्षा वेगळे होते. भावाने लगेच विचारले. "ते माझ्या पत्नीचे खाते आहे" असे उत्तर आले. ओळख पटवण्यासाठी म्हणून आमच्या पासपोर्टांच्या आणि कायम वास्तव्याच्या कागदांच्या प्रतीही तो माणूस आधीच घेऊन बसला होता.

१२ जानेवारी २०२४ च्या संध्याकाळी आम्ही कॅलगरीत उतरलो. त्या दिवसांत अल्बर्टात थंडीची मोठी लाट होती आणि पारा उणे ३० च्या आसपास होता. टॅक्सीचालक पंजाबी गृहस्थ होते. पत्ता दाखवताच त्यांनी हिंदीत पहिला प्रश्न विचारला, "नॉर्थ-ईस्ट की नॉर्थ-वेस्ट?" कॅलगरी चार भागांत विभागलेले आहे आणि प्रत्येक पत्त्याच्या शेवटी त्या भागाची अक्षरे लिहावीच लागतात, नाहीतर टपालही पोहोचत नाही. आमच्या करारावर ती अक्षरे नव्हती. तिथे घर असलेला माणूस स्वतःचा पत्ता असा अर्धवट लिहिणार नाही, हे त्यांनी मला नंतर सांगितले. त्या वेळी वस्तीच्या नावावरून त्यांनी रस्ता शोधला आणि गाडी त्या घरासमोर उभी केली.

घर खरेच होते, अगदी फोटोतल्यासारखे. दाराला आकड्यांचे कुलूपही होते. पतींनी हातमोजा काढून चार आकडे दाबले, लाल दिवा लागला. पुन्हा दाबले, पुन्हा लाल. तेवढ्या वेळात त्यांची बोटे बधिर झाली. तिसऱ्यांदा दाबताना आतून कुत्र्याच्या भुंकण्याचा आवाज आला आणि जिन्याचा दिवा लागला. एका बाईंनी दार किलकिले उघडले. मी मोबाइलवरचा तो लिंबांच्या वाडग्याचा फोटो त्यांच्यासमोर धरला. त्यांनी तो बराच वेळ पाहिला आणि म्हणाल्या, हे स्वयंपाकघर माझे आहे, पण हा वाडगा माझा नाही. त्यांनी ते घर उन्हाळ्यात विकत घेतले होते. फोटो आणि चित्रफीत दोन्ही विक्रीच्या जाहिरातीतून उचललेले होते. त्या बाईंनी आम्हाला घरात घेतले, मुलाला दूध कोमट करून दिले आणि त्याच ओट्यापाशी उभ्या राहून आमच्यासाठी मोटेल शोधले. त्यांचे ऋण मी विसरणार नाही. माझी मुलगी मात्र बूट काढून थेट वरच्या मजल्याकडे निघाली होती, कारण वरची छोटी खोली तिची, असे आम्ही तिला महिनाभर सांगत आलो होतो.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मोटेलच्या खोलीत आमचे दोन्ही मोबाइल एकदम भोंग्यासारखे वाजू लागले. वीजपुरवठ्यावर ताण आल्यामुळे अल्बर्टा सरकारने साऱ्या प्रांताला अनावश्यक वीज बंद करण्याचा इशारा पाठवला होता. आम्ही एक दिवा ठेवून बाकीचे मालवले आणि मुलांना मध्ये घेऊन बसलो. त्या रात्रीपर्यंत मी मावसभावाला काहीच कळवले नव्हते.

याबद्दल मला विशेष सांगायचे आहे, कारण पैसे जाण्याइतकेच ते महागात पडले. फसलो हे शुक्रवारी कळले आणि आम्ही तक्रार केली मंगळवारी. मधले चार दिवस आम्ही त्या माणसाला फोन करत राहिलो, काहीतरी गैरसमज झाला असेल असे एकमेकांना समजावत राहिलो आणि घरच्यांना "पोहोचलो, सगळे छान आहे" असे कळवत राहिलो. शिकलेली माणसे आपण, नातेवाईक काय म्हणतील, ही लाज होती. त्या चार दिवसांत ती जाहिरात तशीच चालू होती आणि आमच्या पासपोर्टांच्या प्रती त्याच्याकडे होत्या. ज्यांच्यावर अशी वेळ येईल त्यांना माझी कळकळीची विनंती आहे की, त्याच तासाला बँकेला फोन करा आणि त्याच दिवशी तक्रार नोंदवा.

बँकेने भावाला सांगितले की त्याने स्वतः पाठवलेले आणि समोरच्या खात्यात जमा झालेले पैसे परत खेचता येत नाहीत. ते खाते तोवर रिकामे झालेले होते. कॅलगरी पोलिसांच्या तातडीची नसलेली कामे नोंदवण्याच्या क्रमांकावर, म्हणजे ४०३-२६६-१२३४ वर आम्ही तक्रार केली आणि तक्रार क्रमांक मिळाला. कॅनेडियन अँटी-फ्रॉड सेंटरलाही १-८८८-४९५-८५०१ वर कळवले. हे केंद्र पैसे मिळवून देत नाही, परंतु देशभरातल्या तक्रारी तिथे एकत्र येतात आणि तपासाला त्यांचा उपयोग होतो. कागदांच्या प्रती गेलेल्या असल्यामुळे इक्विफॅक्स आणि ट्रान्सयुनियन या लोकांच्या कर्जफेडीच्या नोंदी ठेवणाऱ्या दोन्ही कंपन्यांकडे आमच्या नावापुढे फसवणुकीची सूचना लावून घेतली, म्हणजे आमच्या नावाने कोणी कर्ज काढू पाहिले तर आधी आम्हाला विचारले जावे. कॅनडात नोकरी आणि करासाठी लागणारा सामाजिक विमा क्रमांक तोवर आम्हाला मिळालेलाच नव्हता, म्हणून तेवढा वाचला. घर भाड्याने घेण्यासाठी तो कोणालाही देण्याची गरज नसते. भावाचे पैसे आम्ही आठ महिन्यांत फेडले. तो एका शब्दाने बोलला नाही, तरी त्याच्याशी फोनवर बोलताना माझा आवाज आजही बदलतो.

पुढचे घर आम्हाला तीन आठवड्यांत मिळाले, आणि तेही शहरात राहून, पायी हिंडून. नवागतांना विनामूल्य मदत करणाऱ्या एका संस्थेतल्या ताईंनी आम्हाला दोन घरे दाखवली. ही सेवा कायम वास्तव्याचे कागद मिळालेल्यांना त्या वेळी भारतात असतानाच सुरू करता येत होती, हे मला तिथे बसल्यावर कळले. घरमालक कोण आहे, हे अल्बर्टाच्या जमीन नोंदणीत शुल्क भरून पाहता येते. त्या ताईंनी आमच्यादेखत ते पाहिले, मग मालकाचे ओळखपत्र पाहिले आणि त्यानंतरच आम्ही एका महिन्याची अनामत दिली. मुलीच्या शाळाप्रवेशाला पत्त्याचा पुरावा लागतो, त्यामुळे तिची शाळा मात्र फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात सुरू झाली.

निघण्याआधी मला कोणीतरी सांगायला हवे होते ते एवढेच, की पहिले तीन-चार आठवडे तात्पुरत्या खोलीत काढण्याचा खर्च आधीच हिशेबात धरा आणि तो वाया गेला असे समजू नका. मुलांना त्रास होईल या भीतीने आम्ही तो टाळला. "कॅनडातले नातेवाईक" या शब्दांवरही विसंबू नका. ब्रॅम्प्टन ते कॅलगरी विमानाने चार तासांचे अंतर आहे. आमचा भाऊ ते घर पाहू शकत नव्हता, तो फक्त पैसे पाठवू शकत होता. त्याच शहरात राहणाऱ्या माणसाने घरात पाऊल टाकून, नळ सोडून, मालकाशी बोलून आल्याखेरीज एक डॉलरही देऊ नका, मग समोरचा उद्यापर्यंतची मुदत देवो की आजपर्यंतची.

मार्चमध्ये माझ्या पतींच्या कचेरीतल्या एका नव्या सहकाऱ्याने घराच्या जाहिराती पाहायला मला मदतीला बोलावले. चौथ्या की पाचव्या जाहिरातीत तोच ओटा होता, तीच खिडकी, तोच लिंबांचा पांढरा वाडगा. शहर एडमंटन लिहिलेले होते, घरमालकाचे नाव वेगळे होते आणि भाडे १,७०० डॉलर. मी तिथल्या तिथे तक्रार केली आणि आमचा पोलीस तक्रार क्रमांकही सोबत जोडला. दोन दिवसांनी ती जाहिरात निघाली. एप्रिलमध्ये ती पुन्हा दिसली.