प्रोस्टेटची बायोप्सी: सरधोपट की एमआरआय बघून?

रक्तातला पीएसए (प्रोस्टेट ग्रंथीत बनणारं प्रथिन; वाढलं तर कर्करोगाचा संशय) वाढला की पूर्वी थेट बायोप्सी. गुदद्वारातून सोनोग्राफीचा प्रोब घालायचा आणि ग्रंथीच्या ठरलेल्या भागांतून 10-12 तुकडे काढायचे. गाठ सोनोग्राफीत बरेचदा दिसतच नाही. पुढच्या बाजूची तर सहज निसटते. आधी एमआरआय केला, तर संशयित जागेवरच नेम धरता येतो. 2018 च्या ‘प्रिसिजन’ चाचणीत 500 पुरुष होते. ग्लीसन (कर्करोग किती आक्रमक ते सांगणारा आकडा) 7 किंवा वरचा कर्करोग एमआरआय गटात 38 टक्क्यांना सापडला, नेहमीच्या गटात 26 टक्क्यांना. एमआरआय गटातल्या 28 टक्क्यांना तर सुई टोचावीच लागली नाही. माझा कौल एमआरआयला. खर्च वाढतो खरा, आणि फिल्म वाचणारा रेडिओलॉजिस्ट मुरलेला हवा. काही गाठी एमआरआयलाही चकवतात, म्हणून बरेच यूरोलॉजिस्ट दोन्ही पद्धतींचे तुकडे एकाच वेळी घेतात.