जुन्या बी३५० बोर्डावर रायझन ५ ५६००: काही महिन्यांच्या वापरानंतर

बी३५० चिपसेटचा (बोर्डावरचे भाग जोडणारी चिप) मदरबोर्ड, एएमडीचा रायझन ३ १२०० प्रोसेसर, १६ जीबी रॅम आणि जीटीएक्स १०५० टीआय ग्राफिक्स कार्ड, असा माझा डेस्कटॉप. व्हिडिओ एडिटिंगचं काम वाढलं तसा तो धापा टाकायला लागला. नवी पिढी घ्यायची तर बोर्ड, डीडीआर५ रॅम आणि प्रोसेसर असं तिन्ही बदलावं लागतं. तेवढं बजेट नव्हतं, म्हणून फक्त प्रोसेसर बदलला आणि रायझन ५ ५६०० बसवला. सहा-सात महिने तो रोज वापरतो आहे.

खरेदीआधी अडतंय ते प्रोसेसरवरच ना, हे नीट तपासा. टास्क मॅनेजरमधला एकूण टक्का फसवा असतो. चार कोअर (प्रोसेसरमधले काम करणारे स्वतंत्र भाग) आणि चार थ्रेड (एका वेळी चालणारी कामं) असलेल्या प्रोसेसरवर एकच कोअर पूर्ण पिळला जात असला, तरी आकडा २५ टक्क्यांच्या आसपासच दिसतो. प्रत्येक कोअरचा आलेख वेगळा उघडून बघा. माझ्याकडे एक्सपोर्टच्या, म्हणजे एडिट केलेल्या व्हिडिओची फाइल बनवायच्या वेळी चारही कोअर शंभरावर असायचे, रॅम बरीच मोकळी आणि डिस्क शांत. तुमची विंडोज अजून हार्ड डिस्कवर असेल, तर पैसे आधी एसएसडीवर घाला.

५६०० मध्ये ६ कोअर, १२ थ्रेड आणि ३२ एमबी एल३ कॅश (प्रोसेसरमधलीच वेगवान मेमरी) आहे. टीडीपी, म्हणजे उष्णता आणि वीजवापराचा ढोबळ आकडा, ६५ वॅट, जुन्या रायझन ३ १२०० एवढाच, त्यामुळे पॉवर सप्लाय बदलायची गरज पडली नाही. ५५०० स्वस्तात मिळतो, पण त्याची कॅश निम्मी, १६ एमबी आहे आणि गेममध्ये तो फरक जाणवतो. ५६०० मध्ये स्वतःचं ग्राफिक्स नाही. वेगळं कार्ड नसेल तर ५६००जी घ्यावा लागेल.

सगळ्यात जास्त लक्ष बायोसकडे, म्हणजे कॉम्प्युटर सुरू करणाऱ्या बोर्डावरच्या सॉफ्टवेअरकडे द्या. ३०० मालिकेच्या चिपसेटवर ५००० मालिकेचे प्रोसेसर चालवायची अधिकृत परवानगी एएमडीने २०२२ मध्ये दिली. बोर्ड त्याआधीचा असेल तर जुना प्रोसेसर जागेवर असतानाच बायोस अपडेट करायचा. अपडेट न करता नवा बसवला तर स्क्रीनच येणार नाही. बोर्ड बनवणाऱ्याच्या साइटवर तुमच्या नेमक्या मॉडेलचं, रिव्हिजनसकट पान उघडा आणि यादीत ५६०० आहे का आणि कोणत्या आवृत्तीपासून आहे ते बघा. काही बोर्डांना मधली एक आवृत्ती आधी टाकावी लागते, आणि काहींवर पुढे गेल्यावर मागे येता येत नाही. अपडेटनंतर सगळ्या सेटिंग मूळ पदावर जातात, म्हणून एक्सएमपी (रॅमचा पूर्ण वेग चालू करणारी सेटिंग), बूटचा क्रम, पंख्यांचा वेग आणि व्हर्च्युअलायझेशन (आभासी कॉम्प्युटर चालवायची सोय) यांचे फोटो आधीच काढून ठेवा.

एएम४ या सॉकेटमध्ये (बोर्डावरची प्रोसेसरची जागा) पिना प्रोसेसरला असतात. प्रोसेसर आणि कूलरमधली जुनी थर्मल पेस्ट कडक झालेली असली तर कूलर ओढताना प्रोसेसर सॉकेटमधून उपटून येतो आणि पिना वाकतात. कॉम्प्युटरवर थोडा वेळ भार टाकून तो गरम करायचा, मग बंद करून वायर काढायची, आणि कूलर हलक्या हाताने डावी-उजवीकडे फिरवत सोडवायचा. सोबत येणाऱ्या कूलरचे स्क्रू थेट मागच्या पट्टीत बसतात. ते काढले की पट्टी सुटते, म्हणून कॅबिनेट आडवं ठेवून मागून हाताचा आधार द्या. नवा प्रोसेसर सोनेरी त्रिकोण जुळवून नुसता ठेवायचा, दाबायचा नाही. पहिल्यांदा सुरू करताना स्क्रीन बराच वेळ काळी राहू शकते, तेव्हा घाईने वीज तोडू नका.

एक्सपोर्टला आता पूर्वीच्या एक तृतीयांशाच्या आसपास वेळ लागतो, आणि ते चालू असताना ब्राउझर उघडून दुसरं काम करता येतं. माझ्या दृष्टीने ही दुसरी गोष्ट जास्त मोलाची. गेममध्ये सरासरी एफपीएस (सेकंदाला दिसणाऱ्या फ्रेम) फारसा वाढला नाही, कारण कार्ड तेच आहे. पण गर्दीच्या दृश्यात बसणारे झटके जवळजवळ गेले. ३२०० वेगाची रॅम आधी २९३३ वर चालवावी लागायची, ती आता पूर्ण वेगाने स्थिर चालते. विंडोज सुरू व्हायचा वेळ मात्र तेवढाच आहे.

नापसंत गोष्ट म्हणजे कूलरचा आवाज. हा प्रोसेसर छोट्या कामालाही क्षणभर वेग वाढवतो, तापमान उडी मारतं आणि पंखा वर-खाली होत राहतो. एक्सपोर्टमध्ये पारा ८० अंशांच्या पुढे जायचा. बायोसमध्ये पीपीटी ही वीजमर्यादा ७६ वरून ६० वॅटवर आणली आणि पंख्याचा आलेख सौम्य केला. आता तापमान सत्तरीत राहतं आणि वेगातली घट कामात जाणवत नाही. त्यामुळे वेगळा कूलर घेण्याचा खर्च वाचला.

विंडोज १० चा नियमित सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. विंडोज ११ च्या अधिकृत यादीत १२०० नाही, ५६०० आहे. विंडोज ११ साठी बायोसमध्ये एफटीपीएम (प्रोसेसरमधली सुरक्षेच्या किल्ल्या जपणारी सोय) चालू लागतो. पण प्रोसेसर बदलला की जुना एफटीपीएम बाद होतो आणि पहिल्याच वेळी तो रीसेट करू का असा प्रश्न स्क्रीनवर येतो. बिटलॉकर (विंडोजचं डिस्क कुलूपबंद करणारं एन्क्रिप्शन) चालू असेल तर प्रोसेसरला हात लावण्याआधी तो थांबवा आणि रिकव्हरी की दुसऱ्या जागी लिहून ठेवा. ती नसेल तर डिस्कवरचा डेटा परत मिळत नाही.