स्मार्ट स्पीकरसाठी वायफाय: आहे तो राउटर, एक्स्टेंडर की मेश?

फोनवर व्हिडिओ सुरळीत चालू असताना शेजारचाच स्मार्ट स्पीकर इंटरनेट नसल्याचे सांगू लागला, की नवे उपकरण घेण्याचा विचार सर्वात आधी मनात येतो. वास्तविक स्पीकरला वेग फारसा लागत नाही. नेहमीच्या दर्जाच्या गाण्याला सेकंदाला साधारण ३२० किलोबिट पुरतात. त्याला हवी असते ती न तुटणारी जोडणी, आणि तिन्ही पर्याय याच निकषावर तपासावेत.

आहे तोच राउटर ठेवायचा झाल्यास खरा प्रश्न पट्ट्याचा, म्हणजे वायफाय कोणत्या वारंवारितेवर (बँडवर) चालते याचा असतो. २.४ गिगाहर्ट्झचा सिग्नल भिंतींपलीकडे अधिक चांगला पोहोचतो, मात्र मायक्रोवेव्ह, ब्लूटूथ आणि शेजाऱ्यांचे राउटर याच पट्ट्यात गर्दी करतात. त्यामुळे चॅनेल (पट्ट्याचा लहान भाग) 'ऑटो'वर न सोडता, एकमेकांवर न चढणाऱ्या १, ६ आणि ११ यांपैकी कमी गर्दीचे चॅनेल कायम करून त्याची रुंदी २० मेगाहर्ट्झ ठेवावी. ५ गिगाहर्ट्झवर गर्दी कमी असते, पण भिंतींपुढे तो लवकर क्षीण होतो. शिवाय ५२ ते १४४ या दरम्यानची चॅनेल अनेक देशांत रडारसोबत वाटून वापरावी लागतात आणि रडारची चाहूल लागताच राउटरला ते चॅनेल सोडावे लागते. स्पीकर राउटरच्याच खोलीत असेल, तर ३६ ते ४८ मधले चॅनेल उत्तम.

राउटरचा सिग्नल पकडून पुढे पाठवणारा एक्स्टेंडर स्वस्त पडतो, परंतु एकाच पट्ट्यावर ऐकणारा आणि बोलणारा एक्स्टेंडर वेग जवळपास निम्म्यावर आणतो. ते एक वेळ चालेल. अधिक त्रासदायक म्हणजे काही एक्स्टेंडर मल्टिकास्ट (एकाच वेळी अनेक उपकरणांना जाणारे) संदेश नीट पुढे पाठवत नाहीत आणि मग स्पीकर चालू असूनही फोनच्या अॅपला तो सापडत नाही. कोपऱ्यातल्या एकट्या स्पीकरपुरताच तो घ्यावा, आणि सिग्नल संपतो तिथे नव्हे तर अजून चांगला मिळतो तिथे लावावा.

अनेक खोल्यांत स्पीकर असून ते एकत्र वाजवायचे असतील, तर मेश, म्हणजे घरभर ठेवलेल्या अनेक नोडांनी (राउटरसारख्या उपकरणांनी) मिळून केलेली एकच वायफाय प्रणाली सरस ठरते, विशेषतः तिचे नोड केबलने जोडता आले तर. फिरत्या फोनसाठी केलेली नोड बदलण्याची सोय मात्र जागेवरच्या स्पीकरला नडू शकते, म्हणून उपकरण एकाच नोडला बांधून ठेवता येईल अशी प्रणाली निवडावी.

खरेदीपूर्वी एक तपासणी फुकट आहे: स्पीकर गेस्ट नेटवर्कवर (पाहुण्यांसाठीच्या वेगळ्या वायफायवर) तर नाही ना, हे पाहावे. तिथे उपकरणांना सहसा एकमेकांशी बोलू दिले जात नाही आणि ही अडचण सर्वात महागड्या मेशनेही सुटत नाही.