रिडर अरीना, मिनियापोलिस: मुलींच्या हॉकीसाठी बांधलेलं रिंक

युनिव्हर्सिटी ऑफ मिनेसोटाच्या मुलींची आइस हॉकी बघायला जाल, तेव्हा गोलच्या मागची, काचेलगतची जागा मिळवा. पक, म्हणजे चेंडूऐवजी वापरतात ती रबरी चकती, काचेवर आदळते तेव्हा छातीत धस्स होतं, आणि मुली एकमेकींना काय ओरडून सांगतात तेही ऐकू येतं. इथे जेमतेम ३,४०० माणसं मावतात, त्यामुळे शेवटच्या रांगेतूनही खेळ जवळच वाटतो. जाड जॅकेट मात्र अंगावर असू द्या. आत बसूनही हुडहुडी भरते.

२००२ साली उघडलेलं हे रिंक, म्हणजे बर्फाचं मैदान, खास कॉलेजच्या मुलींच्या हॉकीसाठी बांधलेलं अमेरिकेतलं पहिलं. माझ्या लेखी याचं मोल सगळ्यात जास्त. मी कॉलेजात मैदानी हॉकी खेळायचे. मुलांचा सराव आटोपून अंधारायला लागलं की मैदान आमच्या वाट्याला यायचं, आणि कपडे बदलायला खोली नव्हती. इथे मुलींची स्वतःची ड्रेसिंग रूम आहे, हे लेकीला दाखवताना मला भरून आलं.

यामागे १९७२ चा ‘टायटल नाइन’ कायदा आहे: सरकारी पैसा घेणाऱ्या शिक्षणसंस्थेला मुलगा-मुलगी असा भेद करता येत नाही. लोकांना वाटतं, मुलींच्या टीम काढल्या की झालं. पण सरावाच्या वेळा, ड्रेसिंग रूम, साहित्य, प्रवास, कोच, प्रसिद्धी हे सगळंच त्यात तपासलं जातं. तरी इथली मुलींची टीम सुरू व्हायला १९९७ उजाडलं. न्यूयॉर्क राज्यातल्या कोलगेट विद्यापीठाच्या मुली आपल्या हॉकी टीमला मुलांच्या बरोबरीची वागणूक मिळावी म्हणून १९९० मध्ये कोर्टात गेल्या, १९९२ मध्ये जिंकल्याही. पण अपील चालेपर्यंत त्यांचं शिक्षणच संपत आलं आणि त्या कारणाने निकाल रद्द झाला. एनसीएए या अमेरिकेतल्या कॉलेज खेळांच्या संघटनेची मुलींची पहिली राष्ट्रीय हॉकी स्पर्धा झाली ती थेट २००१ मध्ये.

आणि मिळालेलं टिकतंच असं नाही. शेजारच्या नॉर्थ डकोटा विद्यापीठाने २०१७ मध्ये पैशाची तंगी सांगून मुलींची हॉकी बंद केली. पुढच्याच वर्षी ऑलिम्पिकच्या फायनलमध्ये कॅनडाविरुद्ध शूटआउटमधला निर्णायक गोल मारणारी जोसलिन लामुरू-डेव्हिडसन याच टीममधून घडलेली! कायदा मुलींना मिळणाऱ्या एकूण संधी मोजतो. अमुक एक खेळ ठेवाच, असं तो सांगत नाही. ही फट मला फार बोचते. हॉकीत वाढलेल्या मुलीला तुझ्या खेळाऐवजी दुसऱ्या खेळात जागा आहेत म्हणून सांगण्यात कसली समानता?

खेळाबद्दल: मुलींच्या हॉकीत अंगावर धडकून पाडणं, म्हणजे बॉडी चेकिंग, चालत नाही. त्यामुळे पास आणि स्केटिंग डोळे भरून बघता येतं. मार्च २०२५ ची राष्ट्रीय फायनल इथेच झाली. ओहायो स्टेट एका गोलने पुढे, घड्याळात वीस सेकंदही नाहीत, आणि विस्कॉन्सिनच्या कर्स्टन सिम्सने पेनल्टी शॉटवर बरोबरी साधली. मग ओव्हरटाइममध्ये विजयाचा गोलही तिचाच, ४-३.

घरात शाळकरी मुलगी असेल तर तिला घेऊन जाच, मुलगा असेल तर त्यालाही. विस्कॉन्सिन खेळायला येणार असेल, तर तिकिटं आधीच काढून ठेवा.