सिंग्युलर-प्लुरल, नऊ महिन्यांनंतर: आयडियल म्हणजे कुठल्या बाजूचं?

पहिल्याच आठवड्यात या सॉफ्टवेअरमध्ये चूक सापडली म्हणून मी मनातल्या मनात खूश झालो होतो. उत्तर १० यायला हवं होतं, आलं १५. हाताने गणित केलेलं होतं, दोनदा तपासलेलं होतं. नंतर कळलं की गणित माझं बरोबर होतं, उत्तर त्याचंही बरोबर होतं. मी विचारलेला प्रश्न भलताच होता.

आधी हे काय आहे ते सांगतो. सिंग्युलर ही बहुपदींचं गणित करणारी प्रणाली, जर्मनीतल्या कायझरस्लाउटर्न विद्यापीठात वाढलेली. प्लुरल हा तिचा नॉनकम्युटेटिव्ह भाग, म्हणजे जिथे ए·बी आणि बी·ए वेगळे असू शकतात. तो मुख्यतः विक्टर लेवान्डोव्स्की आणि हान्स शोनेमान यांचा. लेवान्डोव्स्कींचा २००५ चा प्रबंधही याच विषयावरचा. पैसे पडत नाहीत, जीपीएल परवाना आहे. उबुंटूवर एका ओळीत बसतं. विंडोजवाल्यांनी सरळ डब्ल्यूएसएल (विंडोजच्या आत लिनक्स चालवायची सोय) घ्यावं, बाकी खटपटीत अर्थ नाही.

माझं निमित्त शिकवण्याचं. एम.एस्सी.च्या मुलांना रिंग (बेरीज आणि गुणाकार असलेली रचना) आणि मॉड्यूल (रिंगवरचं, सदिश अवकाशासारखं) शिकवताना सगळी उदाहरणं पूर्णांक आणि बहुपदींची निघतात, म्हणजे कम्युटेटिव्ह. नॉनकम्युटेटिव्हचं नाव काढलं की दोन बाय दोन मॅट्रिक्स, आणि तिथेच गाडी थांबते. जरा मोठं उदाहरण फळ्यावर करायला घेतलं तर तास संपतो आणि एक चिन्ह चुकलेलं असतं ते वेगळंच. म्हणून जूनमध्ये हे घेतलं.

बाह्यरूपाबद्दल फार बोलण्यासारखं नाही. काळा पडदा, एक बाण, तुम्ही लिहा. ओळीच्या शेवटी अर्धविराम विसरलात तर ते चिडत नाही, नुसता एक टिंब दाखवून वाट बघत बसतं. पहिल्या दिवशी मी पण त्याची वाट बघत बसलो होतो. बाहेर पडताना ‘आउफ वीडरझेन’ म्हणतं. एवढाच काय तो त्याचा सौजन्यपणा.

आता ते १० आणि १५.

एसएल-दोन (शून्य ट्रेसच्या दोन बाय दोन मॅट्रिक्स) या ली अल्जिब्राची युनिव्हर्सल एन्व्हेलपिंग अल्जिब्रा, म्हणजे तिच्यापासून बनणारी गुणाकाराची रिंग, घेतली. तीन चलं: ई, एफ, एच. नियम तीन: एफ·ई = ई·एफ − एच, एच·ई = ई·एच + २ई, एच·एफ = एफ·एच − २एफ. त्यात ई-घन, एफ-घन आणि एच-घन − ४एच या तिघांनी जन्माला घातलेलं आयडियल, म्हणजे रिंगच्या कुठल्याही घटकाने गुणलं तरी आतच राहणारा संच. त्याने भागल्यावर उरणाऱ्या अवकाशाची मिती किती? मनात हिशोब सोपा होता. ई-घन आणि एफ-घन शून्य, एचच्या आयगेनव्हॅल्यू फक्त −२, ०, २. म्हणजे अपरिवर्तनीय निरूपणं (अल्जिब्रा मॅट्रिक्सच्या रूपात मांडायचे, आणखी न फुटणारे प्रकार) दोनच तग धरतात, एक मितीचं आणि तीन मितीचं. भागाकार म्हणजे एक बाय एक आणि तीन बाय तीन मॅट्रिक्सची जोडगोळी, १ + ९ = १०. वेडरबर्नचं प्रमेय परीक्षेत विचारतात ते असं.

‘एसटीडी’ हा आदेश दिला, मग मितीचा आदेश दिला. १५.

(या आदेशाचं नाव ऐकून मला अजूनही कोपऱ्यावरचा पिवळा बूथ आठवतो. मुलांना आठवत नाही. त्यांनी तो बूथच पाहिलेला नाही.)

प्लुरलमध्ये ‘आयडियल’ म्हटलं की ते डावं आयडियल, फक्त डावीकडून गुणलं तर आत राहणारं. एसटीडी म्हणजे डाव्या आयडियलचा ग्रोबनर बेसिस, जनकांचा असा संच की त्याने भागल्यावर बाकी एकच येते. दोन्ही बाजूंचं हवं असेल तर वेगळा आदेश आहे, ‘टू-एसटीडी’. तो दिल्यावर लगेच १० आलं. मॅन्युअलमध्ये हे लिहिलेलं आहे. मी वाचलं नव्हतं, कारण कम्युटेटिव्हची सवय. तिथे आयडियलला बाजू नसते, म्हणून बाजू विचारावी असं सुचतच नाही.

पण खरी मजा पुढे आहे. हे १५ कुठून आले, ते मी दोन दिवस हाताने शोधलं. डाव्या आयडियलने भागलं की उरतं ते रिंग नाही, मॉड्यूल. त्यात १ ची प्रतिमा हा एक जनक, आणि त्या जनकाचे एचच्या तीन आयगेनव्हॅल्यूंप्रमाणे तीन तुकडे. अट फक्त जनकावर आहे: ई-घन त्याला मारतं, एफ-घन त्याला मारतं. बाकीच्या सदस्यांवर ती अट नाही! मधला, म्हणजे शून्य वजनाचा (वजन म्हणजे एचची आयगेनव्हॅल्यू) तुकडा घेतला तर पाच मितीचं निरूपणही चालतं, कारण तिथे मधल्या सदिशाला ई तीनदा लावलं की तो वरून पडतो. एक, तीन आणि पाच, मिळून ९. वजन २ आणि वजन −२ यांच्या वाट्याला फक्त तीन-तीन मितीचं निरूपण. ९ + ३ + ३ = १५. पाच मितीच्या त्या निरूपणात ई-घन शून्य नाही. पण डाव्या आयडियलला त्याच्याशी देणंघेणं नाही, त्याला फक्त एका सदिशाशी कर्तव्य. दोन्ही बाजूंच्या आयडियलला सगळ्या सदिशांचा हिशोब द्यावा लागतो, म्हणून तिथे पाच मितीवाला गळतो.

डाव्या आयडियलमध्ये आणि दोन्ही बाजूंच्या आयडियलमध्ये काय फरक असतो, हे मी दहा वर्षं व्याख्येतून शिकवत होतो. आता १५ आणि १० लिहून देतो आणि मुलांना मधल्या पाचांचा शोध घ्यायला लावतो.

वाइल अल्जिब्रात हाच फरक टोकाला जातो. तिथे चलं क्ष आणि डी (डी म्हणजे क्षच्या सापेक्ष डेरिव्हेटिव्ह), नियम डी·क्ष = क्ष·डी + १. त्यासाठी तयार आदेश आहे, नियम हाताने लिहावे लागत नाहीत. कुठलाही शून्येतर घटक घ्या, टू-एसटीडी द्या, उत्तर १. दरवेळी १. वाइल अल्जिब्रा सिंपल आहे, तिला दोन्ही बाजूंची आयडियल्स दोनच: शून्य आणि सगळं. एका मुलाला वाटलं आदेश बिघडलाय. मग त्याला म्हटलं, पहिल्या ओळीतली लक्षणसंख्या (१ किती वेळा मिळवला की शून्य येतं ती संख्या; ० म्हणजे कधीच नाही) ० आहे ती ७ कर. क्षचा सातवा घात डीबरोबर बिनतक्रार जागा बदलू लागला, आणि त्याने जन्मलेलं आयडियल १ झालं नाही. शून्याच्या जागी सात लिहिल्याने अख्ख्या रिंगचा स्वभाव बदलतो, हे मी फळ्यावर इतक्या झटकन दाखवू शकलो नसतो.

मॉड्यूलच्या बाबतीत मात्र हे सॉफ्टवेअर मला सर्वात जास्त उपयोगी पडलं. परत लक्षणसंख्या ०, वाइल अल्जिब्रा, आणि डी-वर्ग व क्ष·डी − १ यांनी जन्मलेलं डावं आयडियल. क्षला शून्यावर नेणारे सगळे डिफरन्शियल ऑपरेटर यात येतात. हे एका घटकाने जन्मू शकत नाही, याची सिद्धता अर्ध्या पानाची आहे. मी सिझिजीचा आदेश दिला, म्हणजे या दोन जनकांमधली नाती काढायला सांगितली. एकच नातं आलं: पहिल्याला क्षने गुणा, दुसऱ्याला −डीने, बेरीज शून्य. पडताळून पाहा: डी·(क्ष·डी − १) सोडवलं की क्ष·डी-वर्ग उरतं. बरोबर.

आता त्या नात्याकडे नीट बघा. क्ष आणि −डी. यांना उजवीकडून −डी आणि −क्षने गुणून बेरीज करा: डी·क्ष − क्ष·डी, म्हणजे १. म्हणजे हे नातं दोन मितीच्या मुक्त (बेसिस असलेल्या) मॉड्यूलमधून डायरेक्ट समँड, म्हणजे स्वतंत्र तुकडा, म्हणून सुटं होतं. आयडियलला मूळ अल्जिब्राची एक प्रत जोडली की दोन प्रतींचं मुक्त मॉड्यूल मिळतं; पण आयडियल स्वतः मुक्त नाही. स्टेबली फ्री आहे, फ्री नाही. कम्युटेटिव्ह रिंगवर एक रँकच्या मॉड्यूलचं असं होऊच शकत नाही, डिटर्मिनंट आडवा येतो. हे मी पुस्तकांत वाचलेलं होतं. पण पडद्यावर दोन अक्षरांचं नातं आलं आणि त्यातच सगळी कथा दिसली, तेव्हा चहा गार झाला तरी लक्षात आलं नाही.

एक सावधगिरी, आणि ही प्रत्येक नव्या माणसाला सांगायला हवी. स्वतःचे गुणाकाराचे नियम लिहिले की प्लुरल ते मानतं. गुणाकार साहचर्य आहे की नाही, म्हणजे कंस कुठेही टाकले तरी उत्तर तेच येतं का, हे ते आपणहून तपासत नाही. मॅन्युअल तसं स्पष्ट सांगतं. ऑगस्टमध्ये मी एसएल-दोन टाइप करताना तिसऱ्या नियमात उण्याच्या जागी अधिक लिहिलं. कुठलीही तक्रार न येता गणित पुढे गेलं आणि संध्याकाळभर विचित्र उत्तरं आली. शेवटी एच·एफ·ई हा गुणाकार दोन प्रकारे कंस टाकून करून पाहिला. दोन उत्तरांत ४एचचा फरक! त्यासाठी तपासणीचा आदेश नॉनकम्युटेटिव्ह साधनांच्या लायब्ररीत आहे, नॉनडिजनरसी कंडिशनचा. उत्तर शून्य आलं की पुढे जायचं. तेव्हापासून तो आदेश मी हात धुतल्यासारखा आधी देतो. चूक अर्थातच माझी, पण प्लुरलवर अवलंबून असणाऱ्यांना ती कळणारही नाही, कारण साहचर्य नसलेल्या गुणाकारावरही उत्तरं दिसायला नीटनेटकीच दिसतात.

उजव्या आयडियलसाठी मूळ आदेशांत सरळ रस्ता नाही; साधनांच्या त्याच लायब्ररीत तयार आदेश आहे, पण हाताने करायचं तर रस्ता लांबचा. विरुद्ध रिंग (जिच्यात गुणाकाराचा क्रम उलटा) बनवायची, सगळे घटक तिकडे न्यायचे, तिथे डावं गणित करायचं, परत आणायचं. पहिल्यांदा वैताग येतो. तिसऱ्यांदा करताना कळतं की उजवं मॉड्यूल म्हणजे विरुद्ध रिंगवरचं डावं मॉड्यूल, हे वाक्य आपण आजवर नुसतं म्हणत होतो. तरी मूळ आदेशांतच सोय असती तर बरं झालं असतं, हे म्हणणं मी मागे घेत नाही.

वाइल अल्जिब्रासारख्या रिंगा नोएथेरियन असतात, म्हणजे आयडियल्सची वाढत जाणारी साखळी कधीतरी थांबतेच; तिथे ग्रोबनर बेसिस कुठेतरी थांबतो याची खात्री असते. मुक्त अल्जिब्रात, जिथे चलांवर कुठलाच नियम नसतो, ती नाही. त्यासाठी लेटरप्लेस नावाचा वेगळा विभाग आहे आणि त्यात सुरुवातीलाच घाताची मर्यादा द्यावी लागते. मी ए·बी·ए − बी·ए·बी घेतलं, वेणीचा नियम. मर्यादा ५ दिली तर एक नवा घटक, ६ दिली तर आणखी एक, ७ ला आणखी एक. हे थांबत नाही. याच नियमाबद्दल दीपक कपूर आणि पालियथ नरेंद्रन यांनी १९८५ मध्ये दाखवलं की या दोन अक्षरांत त्याची मर्यादित आणि परिपूर्ण पुनर्लेखन पद्धत (एका शब्दाच्या जागी दुसरा लिहायच्या नियमांची यादी) मिळतच नाही, शब्द समान आहेत का हे ठरवता येत असूनही. आणि इथे एक गंमत: लेटरप्लेसमध्ये एसटीडी म्हणजे दोन्ही बाजूंचा बेसिस. प्लुरलमध्ये डावा, इथे दोन्ही. एकाच घरात एकाच शब्दाचे दोन अर्थ. माझ्या वहीच्या पहिल्या पानावर हे लाल शाईने लिहिलंय.

डी-मॉड्यूलची (डिफरन्शियल ऑपरेटरांच्या रिंगवरच्या मॉड्यूलची) लायब्ररी मी थोडीच वापरली. क्ष-वर्ग − य-घन या टोकदार वक्राच्या बर्नस्टाइन-साटो बहुपदीची (वक्राचं टोक किती बिकट आहे ते सांगणारी बहुपदी) मुळं मागितली: −५/६, −१, −७/६. पाठ्यपुस्तकातलंच उत्तर, पण माझ्या आठ जीबीच्या लॅपटॉपवर डोळ्याचं पातं लवायच्या आत. चलं वाढवली, घात वाढवले की मात्र पंखा घोंघावू लागतो आणि मेमरी भरते. ही कुरकुर कुणावर नाही, ग्रोबनर बेसिसचा स्वभावच तसा. बुखबर्गर यांनी १९६५ मध्ये प्रबंधात मांडलेला हा अल्गोरिदम वाईट दिवशी वाईटच वागतो.

मुलांना देताना मी आता सेज या मोफत गणित-प्रणालीमधून देतो. आत सिंग्युलरच चालतं, वर पायथनची भाषा, आणि आयडियल बनवताना बाजू कुठली हे लिहायची जागा समोर असते. न लिहिलं तर डावी धरली जाते, म्हणून वर्गात नियम केला: बाजू लिहिल्याशिवाय गुण नाहीत. मागच्या चाचणीत अकरापैकी चौघांचे गुण याच्यावर गेले. एक मुलगी येऊन म्हणाली, सर, माझं आयडियल दोन्ही बाजूंचं निघालं, मग काय फरक पडतो? म्हटलं, निघालं हे कशावरून? तिने जनकांना उजवीकडून एकेका चलाने गुणून बघितलं, प्रत्येक वेळी बेसिसने भागून बाकी शून्य आली. अर्धा गुण परत दिला.