मेरिटची फिरती कार्यशाळा

कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतातील मेरिट हे सुमारे सात हजार वस्तीचे गाव व्हँकुव्हरहून कोकिहाला महामार्गाने २७० किलोमीटरच्या आसपास आहे. तेथील निकोला व्हॅली इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी ही संस्था परिसरातील पाच मूळनिवासी समूहांनी १९८३ मध्ये स्थापन केली आणि १९९५ मध्ये तिला सार्वजनिक शिक्षणसंस्थेचा दर्जा मिळाला. समाजाने आधी कॉलेज काढले आणि सरकार मागाहून आले, हा क्रम ध्यानात ठेवूनच तिच्या कामाचे मोल करावे लागते.

तिच्या सेवांपैकी मला सर्वांत उजवी वाटते ती ट्रेलरमधली फिरती कार्यशाळा. वेल्डिंग, वायरिंग, नळजोडणी यांसारख्या कामांची सामग्री भरलेला ट्रेलर थेट वस्तीपर्यंत जातो आणि कोणता व्यवसाय धरायचा हे ठरवण्याआधी शिकणाऱ्याला निरनिराळी कामे स्वतःच्या हातांनी करून पाहता येतात. घरी तान्हे मूल किंवा म्हातारे आईवडील असणाऱ्यांची यात मोठी सोय आहे. पण त्याहून खोल कारण इतिहासात आहे. मेरिटपासून सुमारे ९० किलोमीटरवर, कॅम्लूप्स येथे, मूळनिवासी मुलांना घरापासून तोडून ठेवणारी निवासी शाळा होती. ज्यांच्या आजी-आजोबांनी ते भोगले, त्यांना ‘शिकायचे तर घर सोडा’ ही अट कशी ऐकू येत असेल, याचा विचार येथे झालेला दिसतो. संस्थेत समाजातील जाणती वडीलधारी मंडळीही विद्यार्थ्यांच्या पाठीशी असतात, आणि ती केवळ समारंभापुरती नसतात.

मात्र ही पहिली पायरी आहे, हे प्रवेश घेणाऱ्याने पक्के समजून घ्यावे. कॅनडाभर चालणारे ‘रेड सील’ हे कारागिरीचे प्रमाणपत्र मिळवून इलेक्ट्रिशियन व्हायचे, तर या प्रांतात वर्गातील शिक्षणाखेरीज सहा हजार तासांची उमेदवारी, म्हणजे प्रत्यक्ष काम करत शिकणे, करावी लागते आणि त्यासाठी काम देणारा मालक आधी मिळावा लागतो. लहान वस्तीत तेवढे काम क्वचितच निघते. म्हणजे ट्रेलर परत गेल्यावर जो प्रवास वाचवला होता, तोच पुन्हा समोर उभा राहतो. वस्तीची स्वतःची घरे, पाणीयोजना आणि दुरुस्त्या या तासांशी जोडल्या, तर ही अडचण बरीच हलकी होईल.

माझ्याकडून पाचपैकी चार तारे.